खिडकीजवळचं एक्केचाळीस नंबर

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. जुनं म्हणजे किती जुनं, ते मला सांगता येणार नाही. माझ्यावर आजवर दोन नंबर चिकटवून झाले आणि दोन्ही खरवडून काढून झाले, यावरून काय तो अंदाज करा. पहिला नंबर होता एक्केचाळीस. तो माझा फार लाडका. दुसरा अठ्ठावन्न. त्याचं नाव काढलं की अजूनही माझ्या फळीत कसंतरी होतं, म्हणून ते जरा नंतर सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एकाच मापाच्या फळ्या, एकाच मापाचे लोखंडी पाय, आणि एका आठवड्यात शंभर भावंडं. आईने ओळखू नये इतकी आम्ही सारखी दिसत होतो. फरक एवढाच, की माझा मागचा डावा पाय कापताना मिस्त्रींना शिंक आली. पाय नखभर आखूड झाला. मिस्त्रींनी मला हलवून पाहिलं, मी डुगडुगलो. ते म्हणाले, "चालतंय. जमीन तरी कुठे सरळ असते?" आणि त्यांनी मला गाडीत चढवलं. पुढे माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं, ते त्या एका शिंकेमुळे.

मी गेलो ते ऑफिस पाण्याच्या नळांचे नकाशे काढायचं. शहराचं पाणी कुठून निघतं, कोणत्या रस्त्याखालून जातं, कुठे वळतं, कुठे तुंबतं, ते सगळं तिथे कागदावर उतरायचं. मला तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळ ठेवलं आणि कडेला एक्केचाळीस नंबर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर येऊन बसल्या त्या नकाशेवाल्या ताई. नोकरीचा त्यांचा पहिलाच दिवस होता. त्यांनी दोन्ही हात माझ्यावर ठेवले आणि मी नेमका डुगडुगलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताई मात्र हसल्या. त्यांनी एका रद्द नकाशाचा कोपरा फाडला, त्याच्या चार घड्या घातल्या आणि खाली वाकून माझ्या पायाखाली सारल्या.

"हं. आता उभं राहा नीट," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, तेव्हापासून मी नीट उभा राहिलो. पंधरा वर्षं.

त्या वर्षांच्या खुणा माझ्या अंगावर आहेत. ताई कंपासने गोल काढायच्या तेव्हा त्याचं टोक कागदातून माझ्यात घुसायचं. पुढे कॉम्प्युटर आला आणि कंपास कपाटात गेला, पण माझी भोकं तशीच राहिली. 'काप गेले, भोकं राहिली' ही म्हण माझ्याइतकी कोणालाच लागू पडत नसेल. उजव्या कोपऱ्यात ताईंच्या गरम कपाचा गोल डाग होता. एके दिवशी एका मोठ्या वस्तीचं पाणी बंद पडलं, ताई दिवसभर नकाशावर वाकून राहिल्या आणि कप तिथेच विसरल्या, त्या दिवसाची ती आठवण.

आणि होत्या साफसफाईच्या मावशी. त्या सकाळी पावणेसातला यायच्या आणि संध्याकाळपर्यंत असायच्या. त्यांचं फडकं ओलं असायचं, पण कधी गळायचं नाही. कडा आधी, मग मध्य, मग पाय, हा त्यांचा क्रम ठरलेला. शेवटी वाकून माझ्या पायाखालची घडी तपासायच्या. ती चपटी झाली असेल तर नवी घालायच्या. नऊला ताई आल्या की दोघींचं पाच मिनिटं बोलणं व्हायचं. मावशींचा मुलगा काय खात नाही, ताईंची मुलगी काय ऐकत नाही, असंच काहीतरी. पण त्या बोलण्याशिवाय माझा दिवस उजाडायचा नाही.

ताईंच्या मुलीचं लाडाचं नाव ठमी. ती सहा वर्षांची असताना एकदा तिला सांभाळायला घरी कोणी नव्हतं, म्हणून ताई तिला तीन दिवस ऑफिसात घेऊन आल्या. कोणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून ती माझ्या खाली बसायची. जेवायची तिथे, झोपायची तिथे. वरून ताईंच्या कामाचा आवाज, खाली हिचं गुणगुणणं. तिसऱ्या दिवशी तिने ताईंची लाल-निळी पेन्सिल घेतली, पाठीवर आडवी झाली आणि माझ्या पोटावर काहीतरी काढू लागली. मला गुदगुल्या होत होत्या, पण मी हललो नाही.

"काय करतेस गं खाली?" ताईंनी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे नक्कीच काहीतरी," मावशी जाता जाता म्हणाल्या. पण कोणी वाकून बघितलं नाही. ताईंना नकाशा पाच वाजता द्यायचा होता. ठमीने काय काढलं आणि त्याखाली काय लिहिलं, ते मला एकट्याला माहीत होतं. पोटातली गोष्ट पोटात ठेवणं टेबलाला चांगलं जमतं.

मग एके दिवशी सगळे घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. साथीच्या आजारामुळे सगळीकडे दारं बंद झाली होती. ताईंचा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर तसाच लटकत राहिला. महिन्यामागून महिने गेले. त्या काळात तिसऱ्या मजल्यावर एकच माणूस यायचं, आणि ते म्हणजे मावशी. दर शुक्रवारी त्या एकट्या यायच्या. सगळे नळ थोडा वेळ सोडून ठेवायच्या, नाहीतर पाईपात पाणी कुजतं म्हणे. खिडक्या उघडायच्या. आणि कोणी बसणार नाही हे माहीत असूनही आम्हा सगळ्या टेबलांवरून फडकं फिरवायच्या. माझ्यापाशी आल्या की म्हणायच्या, "येतील हो तुझ्या ताई. असं तोंड पाडून बसू नको."

मला तोंड नाही. पण ते पडलं होतं, हे खरं.

माणसं परत आली, तेव्हा पूर्वीसारखी आली नाहीत. कोणी सोमवारी, कोणी गुरुवारी, कोणी महिन्यातून एकदा. बाकीचे दिवस ती घरूनच काम करायची. इमारतीची देखभाल बघायला एक नवे साहेब आले. त्यांच्या हातात कायम टॅबलेट असायचा आणि त्यावर बोट फिरत असायचं, म्हणून मावशींनी त्यांचं नाव ठेवलं बोटवाले साहेब. ते वाईट नव्हते. रिकाम्या खुर्च्यांवर दिवे जळतायत, कोणी नसलेल्या खोल्या थंड होतायत, हे त्यांना बघवत नव्हतं. त्यात त्यांचं काय चुकलं? त्यांनी दोन मजले सोडून दिले आणि शंभरातली साठ टेबलं तिसऱ्या मजल्यावर ठेवायचं ठरवलं. कोणाचंच टेबल आता ठरलेलं नाही. फोनवर दिवस निवडायचा, टेबल निवडायचं आणि येऊन बसायचं.

त्यासाठी नवा गालिचा आला. तो घालायला आम्हाला कँटीनमध्ये नेऊन ठेवलं. आमचे ड्रॉवर काढून टाकले आणि डोक्यावर नवा पांढरा पातळ पत्रा चिकटवला. माझी कंपासची भोकं, कपाचा गोल, सगळं त्याखाली गेलं. आणि मग बोटवाल्या साहेबांच्या हातून ती चूक झाली. वेळ वाचेल म्हणून त्यांनी टेबलं परत न्यायच्या आधीच जुने नंबर खरवडायला सांगितले.

मावशी म्हणाल्या, "साहेब, आधी जागेवर जाऊ द्या की. मग काढा. कोणतं कुठलं ते कळणार कसं?"

"मावशी, टेबल म्हणजे टेबल," साहेब म्हणाले. "सगळी सारखीच आहेत."

हमालांनी हाताला येईल ते उचललं. खिडकीजवळ माझं एक भावंड गेलं, चारही पाय धडधाकट असलेलं. त्याला एक्केचाळीस नंबर लागला. मी गेलो खांबाच्या मागे, प्रिंटरच्या शेजारी. तिथे ऊन नाही, वारा नाही, आणि समोर भिंत. माझ्या कडेला चिकटलं अठ्ठावन्न.

पुढच्या बुधवारी ताई आल्या. मी खांबाआडून बघत होतो. केसांत थोडी चांदी आली होती, पण चाल तीच. त्या सरळ खिडकीकडे गेल्या, एक्केचाळीसवर दोन्ही हात ठेवले, दाबून बघितलं आणि शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "बरं झालं बाई. इतक्या वर्षांनी माझं टेबल दुरुस्त केलं यांनी. डुगडुगत नाही आता."

मित्रांनो, मी त्यांच्यापासून दहा पावलांवर होतो. मला हाक मारता आली असती तर मी मारली असती. त्या दर बुधवारी यायच्या, आठवणीने एक्केचाळीसच निवडायच्या, आणि संध्याकाळी निघताना त्याच्यावर हलकेच थाप मारून जायच्या. ती थाप माझी होती. दर बुधवारी ती दुसऱ्याला मिळताना मी बघत राहायचो.

ताई यायच्या आधीच, नवे नंबर लागले त्याच दिवशी, आमच्या प्रत्येकाच्या पोटाला एक काळी डबी बसली होती. समोर माणूस बसला की डबीला त्याची ऊब कळते आणि ती साहेबांच्या टॅबलेटवर लिहून ठेवते, कोणतं टेबल किती वेळ वापरलं. ती बसवणारा माणूस बॅटरी तोंडात धरून माझ्या खाली आडवा झाला होता. त्याने ठमीचं चित्र बघितलं, थोडा हसला, आणि डबी त्यावर न लावता चार बोटं बाजूला लावली. एवढे त्याचे उपकार.

या डबीने दोन गोष्टी केल्या. जी टेबलं तीन महिने रिकामी राहतील ती काढून टाकायची, असं ठरलं. आणि मावशींच्या फोनवर रोज सकाळी यादी येऊ लागली, की काल ज्यांवर कोणी बसलं तेवढीच टेबलं पुसायची. यादी छोटी, म्हणून मावशींचं कामही छोटं झालं. पूर्वी दिवसभर असायच्या, आता नऊच्या आत घरी. ताई यायच्या साडेदहाला. दोघींची गाठ पडायची थांबली.

मी खांबामागे आलो त्याच आठवड्यात मावशींनी मला शोधलं होतं. प्रिंटरमागचा कचरा काढताना त्यांनी माझ्यावर हात टेकला आणि मी डुगडुगलो. त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी मला पुन्हा हलवलं.

"अगं बाई! तू इथे होय रे?"

त्यांनी खिशातून एक जुना कागद काढला, चार घड्या घातल्या आणि माझ्या पायाखाली सारला. त्या दिवसापासून माझ्यावर कोणी काम करत नसलं तरी त्या मला पुसायच्या. कडा आधी, मग मध्य, मग पाय. पुसून झालं की माझ्यासमोरच्या खुर्चीवर दहा-बारा मिनिटं टेकायच्या, गुडघे चोळायच्या, डब्यातले दोन घास खायच्या आणि मला घरच्या गोष्टी सांगायच्या. मला ताईंची आठवण येणं काही थांबलं नाही. पण सकाळची ती बारा मिनिटं मला गोड लागू लागली.

दोन महिन्यांनी एका सकाळी बोटवाले साहेब लवकर आले आणि खांबाशेजारी उभे राहिले. मावशी दचकून उठल्या. डब्याचं झाकण खाली पडलं.

"मावशी, तुम्ही होय? मी म्हणतोय, अठ्ठावन्नवर रोज सात वाजता कोण बसतं! बुकिंग नाही, काही नाही."

"चुकलं साहेब. पाय दुखतात म्हणून जरा टेकले."

"अहो, बसायला ना नाही. पण तुम्ही बसलात की डबीला वाटतं टेबल वापरात आहे. आकडा बिघडतो. तुम्ही कँटीनमध्ये बसत जा ना."

"कँटीन सातला बंद असतं, साहेब." मावशींनी माझ्या कडेवर हात ठेवला. मग धीर करून म्हणाल्या, "आणि हे नकाशेवाल्या ताईंचं टेबल आहे. खिडकीतलं. अदलाबदल झाली बघा."

"मावशी, टेबल म्हणजे टेबल," साहेब पुन्हा तेच म्हणाले. पण रागावून नाही. खाली पडलेलं झाकण त्यांनीच उचलून दिलं.

मावशींनी बसायचं सोडलं. मला पुसायचंही सोडलं, कारण पुसतानासुद्धा डबी जागी होते असं त्यांना वाटलं. त्या यायच्या, लांबूनच बघायच्या आणि पुढे जायच्या. माझ्यावर धूळ साचली. डबीने तीन महिने शून्य लिहिलं, आणि माझं नाव न्यायच्या टेबलांत गेलं. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात म्हणतात. खिडकीतलं माझं भावंड मात्र हसलं नाही. त्यालाही कळत होतं की त्याला मिळणारी माया त्याची नाही.

न्यायचा दिवस नेमका बुधवार निघाला. टेबलं हलली की त्यांच्या जागेवरची धूळ काढायला हवी, म्हणून मावशींना त्या दिवशी अकरा वाजता बोलावलं होतं. आणि त्यामुळेच दोन वर्षांनी त्या दोघी समोरासमोर आल्या.

"मावशी! अहो, तुम्ही अजून इथेच आहात?" ताईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. "मला वाटलं तुम्ही सोडलंत काम."

"मी कुठे जाते? तुमचीच वाट बघत होते. मुलगी कशी आहे?"

"हॉस्टेलला आहे दुसऱ्या गावी. मोठी झाली आता." ताईंचा आवाज जरा खाली आला. "मजा बघा ना. ती घरी होती तेव्हा मी ऑफिसात असायचे. आता मी घरी असते, तर ती नाही. आठवड्यातून एकदा फोन करते, तोही मोजून बोलते."

तेवढ्यात हमालांनी मला खांबामागून ओढून काढलं. मावशींनी माझ्याकडे बोट केलं. "आणि आज तुमचं टेबलही चाललं बघा."

"माझं? माझं ते काय, खिडकीत."

"ते नव्हे हो! हात लावून बघा की."

ताईंनी माझ्यावर दोन्ही हात ठेवले. मावशींची घडी ओढताना निसटली होती. मी डुगडुगलो. आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून, जीव खाऊन डुगडुगलो. ताईंनी मला पुन्हा एकदा हलवून पाहिलं. मग त्यांचे हात माझ्यावरून निघेनात.

"बाई, जरा बाजूला होता का? पाय काढायचेत," हमाल म्हणाला, आणि दोघांनी मिळून मला उलटं केलं.

माझं पोट वर आलं. खिडकीतून ऊन येत होतं. लाल भिंतींचं, निळ्या छपराचं एक वाकडं घर. घरात एक टेबल, टेबलापाशी वाकलेली एक बाई. आणि खाली सहा वर्षांच्या हातची मोठमोठी अक्षरं: 'आई इथे राहते.'

ताई नव्या गालिच्यावर खाली बसल्या. त्यांनी ती अक्षरं एकेक करून बोटाने पुसल्यासारखी चाचपली. मग त्या रडल्या. भर ऑफिसात, कोणाचीही लाज न धरता रडल्या. मावशी त्यांच्याशेजारी बसल्या आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या. हमाल पाने हातात धरून उभे. बोटवाले साहेब आले, वाकले, त्यांनी वाचलं. त्यांचं बोट पहिल्यांदाच टॅबलेटवरून निघालं.

"हे माझ्याकडे कुठे लिहिलेलंच नव्हतं," ते हळूच म्हणाले.

"मी सांगितलं होतं," मावशी म्हणाल्या.

"हो. सांगितलं होतं तुम्ही." साहेबांनी स्वतः वाकून माझ्या पोटावरची डबी काढली आणि अठ्ठावन्नही खरवडलं. "ताई, हे तुमच्या घरी पोचवायला सांगतो."

आता मी ताईंच्या घरी, ठमीच्या खोलीत आहे. आठवड्यातले चार दिवस ताई माझ्यावरच काम करतात. थाप मिळते, रोज मिळते. सुट्टीत ठमी आली, तेव्हा तिचे पाय बाहेर राहिले तरी ती माझ्या खाली आडवी झाली आणि बराच वेळ तशीच पडून राहिली.

"आई, तुला वाईट वाटलं का गं हे वाचून?"

"वाटलं. खरं लिहिलं होतंस म्हणून वाटलं." ताईही खाली वाकून तिच्याशेजारी आडव्या झाल्या. "आता मात्र तू नसताना मी इथे राहते."

त्या दिवशी त्या दोघी माझ्या खाली खूप बोलल्या. मोजून नाही.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, याला सगळं मिळालं, आता कसली हुरहूर? सांगतो. रोज सकाळी पावणेसात वाजतात आणि मी वाट बघू लागतो. इथे मला कोणी त्या क्रमाने पुसत नाही. ताई बाहीने धूळ झटकतात आणि बसतात. इतकी वर्षं मी ज्यांच्यासाठी झुरलो त्या समोर आहेत, आणि मी झुरतोय ओल्या फडक्यासाठी. जोवर ते रोज यायचं तोवर मला त्याची किंमत कळली नाही. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगणं आहे. मला हात नाहीत, पण पाय आहेत, त्यांतला एक आखूड आहे. तुमची शाळा, तुमचं घर, तुमचा वर्ग सकाळी स्वच्छ दिसतो, तो आपोआप स्वच्छ होत नाही. तुम्ही यायच्या आधी कोणीतरी येऊन गेलेलं असतं. कधीतरी लवकर जा आणि त्यांची गाठ घ्या. आणि कोणतीही जुनी वस्तू टाकायच्या आधी ती एकदा उलटी करून बघा.

परवा रविवारी ताईंनी मावशींना जेवायला बोलावलं होतं. मावशी खोलीत आल्या, मला बघितलं, आणि सवयीने त्यांचा हात पिशवीतल्या रुमालाकडे गेला. कडा आधी. मग मध्य. मी डोळे मिटून घेतले असते, असते तर. पण ताईंनी मध्येच त्यांचा हात धरला आणि खुर्ची पुढे ओढली.

"मावशी, आज नाही. आज बसा तुम्ही. इथे कोणी मोजत नाही."

मावशी बसल्या. किती वेळ बसल्या, ते मला विचारू नका. मीही मोजलं नाही.